झिबल मिस्त्रीनं बसवलेलं इंजिन

झिबल मिस्त्रीच्या हातात पाना असला की चार हात लांब उभं राहायचं, हे गोंदियातल्या ड्रायव्हरांना कुणी शिकवावं लागत नसे. तो पाना पुढच्या क्षणी नटावर बसेल की समोरच्याच्या बरगडीवर, याचा नेम नव्हता. राईस मिलच्या मागच्या गल्लीत चिंचेखाली त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, एक ऐरण, एक भाता आणि चिंचेच्या जाड फांदीला टांगलेली साखळीची कप्पी. भिंत एकच होती, तीही मिलची.

माझी त्याची ओळख थापडीनं झाली. मी तेव्हा नवेगाव बांधाच्या तलावापलीकडल्या एका गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, ड्रायव्हर होतो. त्यांच्या घरची मोटार म्हणजे एक जुनी वॅगन. पुढे मोटारीसारखं तोंड, मागे लाकडी पेटीसारखी लांब बॉडी, आत दोन बाकं. सुना, लेकरं, म्हाताऱ्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं एका खेपेत जायचं. इंजिन मात्र चार सिलिंडरचं, दमेकरी. एकदा उन्हाळ्यात मालगुजारांना गोंदियाला आणताना रेडिएटर कोरडा पडला आणि गल्लीपर्यंत येता येता बोनेटमधून वाफा निघू लागल्या. झिबलनं बोनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि वळून माझ्या कानाखाली वाजवली. कानात बराच वेळ शिटी वाजत राहिली.

"याले पानी कोन पाजन? तुहा बाप?"

"मालक घाईत होते मिस्त्री."

"मालक घाईत होता. तू कायच्या घाईत होतास?"

दोन तासांनी इंजिन थंड झालं, चालूही झालं. मग तोच म्हणाला, "जेवलास का बे?" आणि लागूनच असलेल्या घरात नेऊन त्यानं बायकोला माझ्या ताटात भात आणि झिंग्याची भाजी वाढायला लावली. जेवताना एवढंच म्हणाला, "इंजिनाले हात नाही. असते तं त्यानंच तुले हानलं असतं."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. मारताना त्याला वाटायचं की आपण इंजिनाच्या वतीनं मारतो. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. एका ड्रायव्हरनं जाळी साफ न करता आठवडाभर गाडी दामटली आणि इंजिनात राख भरली. झिबलनं त्या माणसाला मानेला धरून त्याच राखेत तोंड घासायला लावलं. त्याचा ओठ फाटला. नंतर तीन दिवस झिबल ते इंजिन खोलून एकेक तुकडा रॉकेलनं धूत बसला, आणि ओठ फाटलेला ड्रायव्हर शेजारी बसून त्याला तुकडे पुसून देत होता.

माणूस बुटका, मानेत जाड. डाव्या भुवईतून एक पांढरा वण गेलेला. हात पुसायला त्याला चिंधी चालत नसे. मिलमधून धानाचा कोंडा टोपलीभर आणून ठेवलेला असे. त्यात हात चोळले की तेल निघून जायचं आणि मनगटापर्यंत पिवळी धूळ बसायची. कानामागे कायम एक न पेटवलेली बिडी. पेट्रोलजवळ तो ती पेटवत नसे, आणि पेट्रोलपासून लांब तो जातच नसे, म्हणून एकच बिडी चार चार दिवस टिकायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण व्हॉल्व्हमधलं अंतर तो उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख सरकवून सांगायचा. मापाची पट्टी लावली तर केसाचाही फरक निघत नसे.

मूळचा तो केशोरीकडचा. भाऊ ठोक्यानं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं घेऊन, धान करायचे, हा पोरवयातच रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये लागला. तिथून तो का सुटला हे मला त्याची बायको भागरथा हिनं सांगितलं. मी तिला वहिनी म्हणायचो. शेडमधल्या एका मोठ्या फिटरनं हाताखालच्या म्हाताऱ्या मदतनिसाच्या कमरेत लाथ घातली. झिबलनं त्या फिटरचा हात धरला आणि बॉयलरच्या तापलेल्या पत्र्यावर दाबून ठेवला.

"कातडं पत्र्याले चिकटलं," वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "सहा महिने जेलात गेला. आला तं म्हनते, मी पाच मोजेपर्यंतच दाबून ठेवलो होतो. त्याले वाटते पाच म्हंजे कमी."

साऱ्या गोंदियात त्यानं ज्या माणसावर कधी हात उचलला नाही, ते माणूस म्हणजे ती. ओरडायचा मात्र तिच्यावरच सगळ्यात जास्त.

आता वॅगनची गोष्ट सांगतो.

मालगुजारांचा थोरला मुलगा बाबूसाहेब. शिकायला रायपूरला होता, शिक्षण टाकून परत आला. बोलायचा अर्धं हिंदी अर्धं मराठी. शिकार, कुत्रे आणि मोटार, याशिवाय चौथ्या गोष्टीत त्याचं लक्ष नव्हतं. वेठबिगारीला न आलेल्या, मासे धरणाऱ्या एका ढिवराला त्यानं बांधाच्या काठावर झाडाला बांधून मारलेलं मी पाहिलं आहे. मी गाडीत बसून होतो. उतरलो नाही.

घरातल्या एका लग्नाला आम्ही केशोरीला निघालो होतो. वॅगनमध्ये बारा माणसं. वाटेतल्या चढावर इंजिनानं दम टाकला. बायकांना खाली उतरावं लागलं. शालू नेसलेल्या सुना, हातात लेकरं, आणि मागून सगळे ढकलतायत. तेवढ्यात एका लाकूड ठेकेदाराची मोटार बाजूनं वर निघून गेली, आणि तिच्यातून कुणीतरी हसलं. बाबूसाहेबाची मान लाल झाली. लग्नघरी पोचल्यावर गोठ्यामागे नेऊन त्यानं मला गाडी फिरवून सुरू करायच्या लोखंडी हँडलनं पाठीत तीन वार मारले. दोन दिवस मला लघवीतून रक्त जात होतं. इंजिन म्हातारं झालं यात माझा काय गुन्हा, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. त्याला जो हसला होता तो त्याच्या हाताला लागला नव्हता.

लढाई संपली त्या वर्षी लष्कराचं सामान जागोजाग लिलावात निघालं. बाबूसाहेब कुठूनसं एका फौजी ट्रकचं इंजिन घेऊन आला. आठ सिलिंडरचं. चार या अंगाला, चार त्या अंगाला, वरून हिरवा फौजी रंग. ते ट्रकमध्ये घालून तो थेट झिबलच्या गल्लीत आला.

झिबल त्या इंजिनाभोवती दोनदा फिरला. कोंड्यात हात पुसले आणि मग इंजिनावर तळवा ठेवला. गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.

"हे ट्रकचं हाय मालक. याच्यापुढं तुमची वॅगन म्हंजे पाळना."

"बैठेगा कि नहीं, तेवढं सांग."

झिबलनं वॅगनचं बोनेट उघडलं. वितीनं मोजलं. पुन्हा मोजलं. मी शेजारी उभा होतो. त्याच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भुकेल्या माणसापुढे ताट ठेवल्यावर येतं तसं काहीतरी.

"बसते," तो म्हणाला.

पाच आठवडे ते काम चाललं. मला गाडीबरोबर तिथंच ठेवलं होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांपुढे झालं. जुनं इंजिन कप्पीला अडकवून उचललं, ते एखाद्या मेलेल्या बकऱ्यासारखं सहज वर आलं. नवं उचलताना चिंचेची फांदी करकरली. अर्ध्यात साखळीची एक कडी उघडली, इंजिन झोका घेऊन खाली आलं आणि झिबलच्या डाव्या पायाची दोन बोटं चेचून मातीत रुतलं. त्यानं ओरडायच्या आधी इंजिन फुटलं का ते पाहिलं. मग पायाला चिंधी गुंडाळली, साखळी दुरुस्त केली आणि संध्याकाळच्या आत इंजिन पुन्हा वर चढवलं.

गाडीची चौकट पुढून कापली. रेडिएटर वीतभर पुढे सरकवला. इंजिन टेकायला आधार हवेत म्हणून रुळांच्या जोडपट्ट्या तापवून, ठोकून वाकवल्या. स्टिअरिंगचा दांडा इंजिनाला अडत होता, तो काढून तिरपा बसवला. ट्रकचाच गिअरबॉक्स लावला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब पडला, तो कापून जोडून आणला. जोड वाकडा आला म्हणून जोडणाऱ्याशी त्याच्या दारात मारामारी झाली. झिबलचा एक दात पडला, जोडणाऱ्याचा अंगठा मोडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच दुसऱ्या हातानं जोड सरळ करून दिला.

पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा धुराडी अजून लावलेली नव्हती. आठ भोकांतून जाळ आणि आवाज एकदम बाहेर आला. मिलमधले हमाल पोती टाकून पळाले. कोपऱ्यावरची म्हैस दावं तोडून गल्लीत घुसली. वॅगनची लाकडी बॉडी जागच्या जागी थरथरत होती, काचा खुळखुळत होत्या. आणि झिबल त्या जाळासमोर उभा राहून मोकळ्या तोंडानं हसत होता, पडलेल्या दाताची जागा दिसत होती.

आवाज बंद झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "पळवनारं बसलं डोमा. थांबवनारं बसायचं हाय."

त्याचं म्हणणं असं की वॅगनचे ब्रेक जुने, लोखंडी दांड्यांचे. चार सिलिंडरला ते पुरायचे. या इंजिनाला तेलाचे ब्रेक पाहिजेत, चाकांचे मोठे ड्रम पाहिजेत, आणि ते सामान नागपूरहून यायचं होतं. पंधरा दिवस लागतील, असा निरोप त्यानं मालगुजारांकडे पाठवला.

चौथ्या दिवशी दुपारी बाबूसाहेब आला. बरोबर काठ्या घेतलेले दोन लठैत आणि खांद्याला बंदूक.

"चाबी दे."

"ब्रेक नाही मालक," झिबल म्हणाला. "हे अंगनातून बाहेर न्यायच्या लायक नाही अजून."

"मी तुला विचारून राहिलो का?"

"इचारा नाही तं नका इचारू. मी सांगून राहिलो."

बाबूसाहेबाच्या हातात वेताची छडी होती. ती त्यानं झिबलच्या तोंडावर आडवी मारली. खालचा ओठ उभा चिरला. झिबलच्या हातात हातोडा होता, तो खांद्यापर्यंत वर गेला. पण तोवर लठैतांनी दोन्हीकडून त्याला धरलं होतं आणि बाबूसाहेबानं बंदुकीची नळी त्याच्या छातीला लावली होती. घोडा ओढल्याचा आवाज मी ऐकला. भागरथा वहिनी दारात उभ्या होत्या. त्या किंचाळल्या नाहीत. "टाक," एवढंच म्हणाल्या.

झिबलनं हातोडा टाकला. ओठातलं रक्त थुंकला.

"नेता तं न्या. पन मी मागं बसतो."

"बैठ," बाबूसाहेब हसून म्हणाला.

लठैतांना त्यानं तिथंच सोडलं. बाबूसाहेब स्टिअरिंगवर बसला, मी त्याच्या बाजूला, झिबल मागच्या बाकावर. धान कापून झालं होतं, रस्ता कोरडा होता. गोरेगाव मागे पडेपर्यंत बाबूसाहेब जरा सांभाळून होता. मग मोकळा रस्ता लागला आणि त्यानं पाय दाबला. मी अठरा वर्षं गाडी चालवत होतो, पण रस्त्याकडेची झाडं अशी एकात एक मिसळताना मी पाहिली नव्हती. मागून झिबल ओरडत होता, "पाय उचला मालक. पाय उचला." बॉडीच्या फळ्या एकमेकींवर आपटत होत्या. थोड्या वेळानं त्याचा आवाज बंद झाला. मला वाटलं पडला. मागे वळून पाहिलं तर तो दोन्ही हातांनी बाक धरून, डोळे अर्धे मिटून बसला होता. हनुवटीवर रक्त वाळलं होतं आणि तो हसत होता.

कोहमाऱ्याच्या अलीकडे एक उतार आहे आणि उताराच्या पोटात वळण. वळणावरून धानाच्या बैलगाड्या येत होत्या, गोंदियाच्या मिलकडे निघालेल्या. पाच-सहा गाड्या ओळीनं. बाबूसाहेबानं ब्रेकवर पाय दिला. गाडी जराशी वाकली आणि खालून खाडकन आवाज आला. ब्रेकची दांडी तुटली होती. तो ब्रेक दाबतच राहिला. पाय फळीपर्यंत जात होता.

पहिल्या गाडीवर आम्ही समोरून गेलो.

एक बैल जागीच मेला. दुसऱ्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले आणि तो उठायला बघत होता. धानाची पोती फुटून रस्ताभर धान सांडलं होतं. वॅगनची लाकडी बॉडी उघडलेल्या पेटीसारखी फाटली होती. माझं कपाळ काचेवर आपटलं होतं, डोळ्यांत रक्त उतरत होतं. आणि ते इंजिन तसंच गर्जत होतं. गाडी आडवी पडलेली, मागची चाकं हवेत फिरतायत. झिबल फळ्यांतून रांगत बाहेर आला, बोनेटच्या फटीत हात घातला आणि तारा उपटून काढल्या. तेव्हा शांत झालं. मग कळलं की माणूस ओरडतो आहे.

गाडीवानाचं नाव बुधा. गाडीचं जू त्याच्या छातीवर पडलं होतं. झिबलनं खांदा लावून ते उचललं, बाकीच्या गाडीवानांनी बुधाला ओढून काढलं. त्याच्या तोंडातून फेस येत होता, लाल. त्यानं दोनदा विचारलं, "बैल कुठं हायेत?" तिसऱ्यांदा त्याला विचारता आलं नाही.

झिबलनं वॅगनमधून बंदूक शोधून काढली आणि मोडक्या पायांच्या बैलाच्या कानाजवळ धरून गोळी घातली. तेवढ्यात बाबूसाहेब, जो इतका वेळ रस्त्याकडेला बसून होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "डोमाजी, गाडी तू चालवत होतास."

मला आधी कळलंच नाही. तो पुन्हा म्हणाला, शांतपणे, घरचं काम सांगावं तसं. झिबलनं बंदूक धानावर टाकली, चार पावलं चालत आला आणि बाबूसाहेबाच्या जबड्यावर ठोसा मारला. एकच. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग गाडीवान पुढे आले. त्यांच्या हातात बैल हाकायच्या तुताऱ्या होत्या, टोकाला खिळे असलेल्या काठ्या. त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते दिसत होतं. झिबल वळून बाबूसाहेबाच्या पुढे उभा राहिला.

"नोको. हा मेला तं डोमा जेलात सडन. याले जित्ता ठेवा."

एकानं तुतारी मारलीच. ती झिबलच्या दंडात घुसली. तो हलला नाही.

पोलीस जमादारानं तरीही माझंच नाव लिहिलं. मला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. मालगुजारांचा दिवाणजी येऊन म्हणाला, कबूल हो, तुझ्या बायका-पोरांचं आम्ही बघू. नाही म्हणालो तर काय होईल ते त्यानं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. गजांपाशी झिबल आला तेव्हा मी त्याला तसं सांगितलं.

"हो म्हनलास तं बाहेर आल्यावर मीच तुले मारीन," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याची साक्ष व्हायच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, मिल जेवणासाठी बंद असताना चार माणसं गॅरेजमध्ये आली. त्यांनी त्याला खाली पाडलं, त्याचा उजवा हात त्याच्याच ऐरणीवर धरला आणि त्याच्याच हातोड्यानं ठेचला. वहिनी विळा घेऊन धावल्या. एकाचा कान अर्धा लोंबला, दुसऱ्याच्या पाठीत विळ्याचं टोक मोडून राहिलं. पण तोवर काम झालं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटं काढून टाकली. उरलेली जुळली, पण वळेनाशी झाली.

कोर्टात तो हात गळ्यात बांधून आला. बाबूसाहेबाच्या वकिलानं पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही मारकुटे आहात, जेल भोगलेले आहात, खरं का?"

"खरं हाय."

"या बाबूसाहेबांचा जबडा तुम्हीच मोडला?"

"हो. मीच मोडलो."

"गाडी कोण चालवत होतं?"

"हे. डोमा बाजूले बसून होता. मी मागं."

वकिलानं मग आवाज चढवला. एवढ्या लहान गाडीत एवढं मोठं इंजिन कोणत्या अकलेनं बसवलं, असं त्यानं विचारलं. झिबलनं थोडा विचार केला.

"बसत होतं म्हनून."

कोर्टात कुणीतरी हसलं. झिबल हसला नाही. तो मॅजिस्ट्रेटकडे वळला.

"मले त्याच दिवशी नाही म्हनायले पायजे होतं साहेब. बिना ब्रेकाचं ते अंगनात उभं करायलेच नोको होतं. आन् आनखी एक हाय. त्या उताराच्या आधी मी हासून राहिलो होतो. इंजिन लय साजरं चालून राहिलं होतं. ते बी लिहा."

लिहिणारा कारकून थांबला आणि वर बघू लागला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "लिहा."

मी सुटलो. त्या साक्षीवरून खटला बाबूसाहेबावर फिरला, त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, वरच्या कोर्टात अपील झालं, तो जामिनावर बाहेर आला. पुढे त्यानं ती किती भोगली, मला सांगता येणार नाही. मी मालगुजाराची नोकरी सोडली आणि पॅसेंजर बसवर लागलो.

आभार मानायला गेलो तेव्हा झिबल दारात बसून डाव्या हातानं भात खायला शिकत होता. मी बोलायला लागलो तसा तो म्हणाला, "तुह्यासाठी नाही केलो बे. जाय."

पुढचं वहिनींनी सांगितलं. माझी सुटका झाल्यानंतरच्या आठवड्यात तो एकटा बुधाच्या गावी गेला. बुधाची बायको अंगणात धान पाखडत होती. यानं आपण कोण ते सांगितलं. ते इंजिन मी बसवलं, असं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, चुलीजवळचं लाकूड उचललं आणि त्याला मारायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, मोडक्या हातावर. शेजारचे जमले, पण कुणी मध्ये पडलं नाही. ज्या माणसानं आयुष्यात एक थप्पड उधार ठेवली नव्हती तो हात खाली सोडून उभा राहिला, ती दमेपर्यंत. ती दमली, खाली बसली, रडू लागली. मग हा परत निघाला. चौदा मैल चालत आला. डोकं दोन जागी फुटलं होतं.

"काऊन गेलास म्हनून मी इचारली," वहिनी म्हणाल्या, "तं म्हनते, कोर्टात तिले कोनी काही इचारलं नाही."

गोंदियातलं गॅरेज हळूहळू बंद पडलं. मोडक्या हाताच्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणणार? एक दिवस चिंचेखाली कप्पीही नव्हती. दोघं कुठं गेले, कुणी नीट सांगेना.

स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात मी बस घेऊन कोहमाऱ्यावरून चाललो होतो. तिथं रायपूर-नागपूर रस्त्यावरचे ट्रक थांबायचे. मोहाच्या झाडाखाली एक ट्रक बंद पडून उभा होता आणि त्याच्या शेजारी चिखलात उकिडवा बसलेला माणूस झिबल होता. मी बस उभी केली. तो कुणावर तरी ओरडत होता. "डावीकडचा आधी. डावीकडचा म्हनून राहिलो ना. तुले दिसत नाही का?" ट्रकखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. पायांच्या बोटांत जोडवी होती, तेलानं काळी झालेली. लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढून घट्ट खोचलेला होता.

ट्रकखालून भागरथा वहिनींचा आवाज आला.

"तू चूप राहाय. मले दिसून राहिलं."

झिबल गप्प बसला. कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलेला मी त्याला त्याआधी कधी पाहिला नव्हता. तो तसाच उकिडवा, मोडका हात मांडीवर ठेवून, त्या दोन पायांकडे बघत राहिला. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मग नट सुटल्याचा. माझ्या बसमधले लोक उशीर होतो म्हणून कुरकुर करू लागले होते. मी हॉर्न न वाजवता गिअर टाकला.